ताईच्या नावाची ढाल

फादरांचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. आमच्या जळगावच्या शाळेचे ते नवे मुख्याध्यापक. मूळचे वसईकडचे, मराठी स्वच्छ आणि बोलणं अदबीचं. ते म्हणाले, जानेवारीत माजी विद्यार्थी आणि खेळाडूंच्या गौरवाचा कार्यक्रम आहे, माझे वडील, नाना, नेहमीप्रमाणे येतीलच, पण या वर्षी एक वेगळी विनंती आहे. शाळेचे जुने क्रीडाशिक्षक आता निवृत्त झाले आहेत. ते स्वतःही याच शाळेचे विद्यार्थी, म्हणून माजी विद्यार्थी या नात्याने या वर्षी त्यांचाही गौरव करायचं ठरलं आहे. त्यांना शाल नानांच्या हस्ते द्यावी असं समितीला वाटतं.

"त्यांची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी तुमच्या घरातली होती," फादर म्हणाले. "म्हणून आम्हाला ते योग्य वाटलं."

मी विचारून कळवते म्हणाले आणि फोन ठेवला. फादरांचा दोष नव्हता. त्यांना जेवढं सांगितलं गेलं होतं तेवढंच त्यांना माहीत होतं. शाळेच्या हॉलमध्ये ताईचा फोटो आहे. त्याखाली तिचं नाव, शाळेची गुणी धावपटू, आणि सरावादरम्यान निधन, असं लिहिलेलं आहे. सराव नव्हता तो, निवड चाचणी होती. पण तो बोर्ड कुणी बदलायला सांगितला नाही. आम्हीही नाही.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. आम्ही जळगावजवळच्या असोद्याचे. नाना एसटीत ड्रायव्हर होते, आई घरचं आणि थोड्या केळीचं बघायची. गावात मराठी शाळा होती, पण नानांच्या बसमध्ये रोज कॉन्व्हेंटची पोरं बसायची, पट्ट्याचे बूट आणि टाय घालून. त्यांची इंग्रजी बडबड ऐकून नानांनी ठरवलं की आपल्या मुली तिथेच शिकणार. आम्ही दोघी सकाळी बसने जळगावला जायचो. शाळेच्या फाटकावर क्रूस, आत शिरल्यावर मदर मेरीचा पुतळा. असेंब्लीत आम्ही हात जोडून इंग्रजी प्रार्थना म्हणायचो, अर्थ न कळता. घरी आल्यावर तीच प्रार्थना ताई आईला भाजी निवडताना ऐकवायची आणि आई म्हणायची, चांगली हाये ना, मग म्हण.

ताई बोलायला फार कमी. घरी माझ्याशी बोलायची, बाहेर नाही. कुणाच्या घरी गेली तर सतरंजीच्या कडेला बसायची. वर्गातल्या जळगावच्या मुली, मारवाडी पेढीवाल्यांच्या, डॉक्टरांच्या, तिच्याशी वाईट वागायच्या असं नाही, पण ती त्यांच्यात नव्हती. मैदानावर मात्र ती वेगळी होती. सातवीत असताना सरांनी, म्हणजे त्याच क्रीडाशिक्षकांनी, तिला पहिल्यांदा पळताना पाहिलं आणि थांबवून तिचं नाव विचारलं. मग तिला आठशे आणि पंधराशे मीटरसाठी तयार करायला लागले.

सर भुसावळचे. वडील रेल्वेत, राहायला रेल्वे कॉलनीत. तरुणपणी ते स्वतः पळायचे आणि चांगले पळायचे असं ऐकलं होतं. रोज पॅसेंजरने जळगावला यायचे. काटक, सावळे, गळ्यात शिट्टी. ओरडायचे नाहीत. ताईला पहिले खिळ्यांचे बूट त्यांनीच आणून दिले. आमच्या घरी ते दोनदा-तीनदा आले असतील, नानांना समजावायला, की मुलीला स्पर्धेसाठी बाहेरगावी पाठवा, सोबत बाई असतात. नानांनी पाठवलं. ताई नाशिकला गेली, पुण्याला गेली. परत येताना तिच्याकडे पदक असायचं आणि ती ते दप्तरातून काढायचीही नाही. आईलाच शोधावं लागायचं.

दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात राज्याच्या संघासाठी निवड होणार होती. निवड करणारी माणसं बाहेरगावाहून येणार होती आणि चाचणी आमच्याच शाळेच्या मैदानावर होती. मे महिना होता. मेमधलं जळगाव ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दहानंतर रस्ते रिकामे होतात, डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय माणूस बाहेर पडत नाही. म्हणूनच चाचणी पहाटे ठेवली होती. ताई पहिल्या बसने गेली. आईने तिला दशमी आणि गूळ बांधून दिला. मी झोपलेली होते.

दुपारी शाळेचा शिपाई मोटरसायकलवर गावात आला. नाना ड्युटीवर होते, सुरतच्या गाडीवर. आई आणि मी त्या मोटरसायकलवर मागे बसून जळगावला दवाखान्यात गेलो.

आम्हाला तेव्हा कळलं ते एवढंच, की ती माणसं फार उशिरा आली, चाचणी भर उन्हात झाली, ताई पहिली आली आणि रेषा ओलांडून पडली. सरांनी तिला उचलून रिक्षात घातलं. रस्त्यातल्या रसवंतीवरून गोणपाटातला बर्फ घेतला. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या अंगाखाली ओल्या चादरी होत्या आणि अंग तरी तव्यासारखं. घाम अजिबात नाही. डोळे उघडे होते पण ती आम्हाला ओळखत नव्हती. बस सुटेल, असं काहीतरी म्हणत होती. आई तिचे तळवे पुसत राहिली. सर भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्या शर्टावर बर्फाचं पाणी. नाना दुसऱ्या दिवशी सकाळी आले. ताई त्यानंतर थोड्या वेळाने गेली.

आईने मला त्या शाळेतून काढलं. नानांनी विरोध केला नाही. पुढचं शिक्षण मी गावातल्या शाळेत केलं, मग जळगावला कॉलेज, मग नोकरीसाठी धुळे.

पण नानांनी शाळा सोडली नाही. त्याच वर्षी शाळेने ताईच्या नावाची ढाल सुरू केली, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी. गौरव समारंभात ती नानांच्या हातून द्यायची. नाना दरवर्षी जायचे. आदल्या दिवशी पांढरा सदरा-लेंगा इस्त्री करून आणायचे, दाढी करायचे. पहिल्या रांगेत बसायचे. शेजारची खुर्ची सरांची. दोघं फारसं बोलायचे नाहीत, असं नाना सांगत. पाऊसपाणी, सरांच्या आईचं आजारपण, बसच्या वेळा. नानांचा सरांवर राग नव्हता. माझ्या पोरीला त्यांनी हातावर उचलून नेलं, असं ते म्हणायचे, आणि त्यापुढे काही नाही. मला वाटतं, वर्षातून एकदा माइकवरून ताईचं पूर्ण नाव घेतलं जायचं, ते ऐकायला नाना जायचे. घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं.

सरांनी त्यानंतर मुलींना धावण्यासाठी तयार करणं बंद केलं होतं. संचलन आणि व्हॉलीबॉल एवढंच घ्यायचे. हेही नानांकडूनच कळलं.

आई कधीच गेली नाही. त्या दिवशी ती शेतात जायची, काम नसलं तरी.

फादरांचा निरोप सांगायला मी शनिवारी असोद्याला गेले. नाना अंगणात पेपर वाचत होते. मी सांगितलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं. मग म्हणाले, शाळेने ठरवलं असेल तर आपण नाही कसं म्हणणार. आई दारात उभी होती. ती आत गेली, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन मलाच म्हणाली, "मीबी येते."

नानांनी पेपर खाली ठेवला. "तू कशाला?"

"मले यायचं हाये," आई म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी आईने निळी इरकली नेसली. रिक्षा शाळेच्या फाटकाशी थांबली तेव्हा ती उतरायला वेळ लावत होती. मी हात दिला. मैदान आता छोटं झालं आहे, एका बाजूला नवी इमारत उभी आहे. उरलेल्या भागात मांडव घातला होता आणि लहान मुलींचा लेझीमचा सराव चालू होता. आई त्या मैदानाकडे बघत उभी राहिली. तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही तिथे शिकत होतो तेव्हाही शाळेची कामं नानाच करायचे. तिने मला विचारलं, कुठं? मी एका दिशेला हात केला. खरं तर मलाही नेमकं माहीत नव्हतं.

पाहुण्यांसाठी लायब्ररीत चहा होता. त्या वर्षीचे गौरवमूर्ती तिथे होते. सैन्यातले एक अधिकारी, नाशिकच्या एक डॉक्टर, आणि ठिबक सिंचनाच्या धंद्यात नाव काढलेले एक जैन गृहस्थ. सगळे हसतमुख, एकमेकांना जुन्या खोड्या सांगत होते. सर कोपऱ्यात एका खुर्चीवर बसले होते. मी त्यांना बऱ्याच वर्षांनी पाहत होते. केस गेलेले, मान थोडी थरथरत होती, हातात काठी. नानांना बघून ते उठायला लागले, मग त्यांना आई दिसली आणि ते अर्धवट उठलेले तसेच राहिले.

नाना म्हणाले, बसा सर, बसा. आई त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. मी तिच्या बाजूला. फादर चहा घेऊन आले, दोन शब्द बोलून दुसरीकडे गेले.  नाना डॉक्टरबाईंकडे बघत होते.

मग आई जराशी पुढे वाकली. तिचा आवाज हळू होता, इतरांना ऐकू गेला नसेल.

"सर, एक इचारायचं व्हतं. त्या दिवशी तिनं पानी मांगलं व्हतं का?"

नानांनी मान वळवली. सरांनी कप खाली ठेवला, तो बशीत वाजला. त्यांना नाही म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांनी कोण तपासणार होतं.

"मागितलं होतं, अक्का," ते म्हणाले. "दोनदा. मी म्हणालो, आधी पळ, मग पी. पोटात पाणी असलं की कळ येते, असं आम्हाला शिकवलेलं होतं. मी तेच तिला सांगितलं."

आईने मान हलवली. ती रडली नाही. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "म्हंजे तिनं मांगलं व्हतं."

"हो."

"मी पोरीहीले शिकवलं व्हतं, दुसऱ्याकडं काही मांगायचं नाही. पानीबी नाही. देलं तरच घ्यायचं. मले वाटे, तिनं मांगलंच नसंल. माह्यामुळं."

 हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नानांनाही नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. इतकी वर्षं ती शेतात जायची, घरचं करायची, माझं लग्न लावून दिलं, माझ्या मुलाला न्हाऊ घातलं, आणि हे तिच्या आत असंच होतं. आम्हाला वाटायचं, ती सरांवर चिडून आहे म्हणून शाळेत येत नाही.

सर म्हणाले, "मी आज येणार नव्हतो. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं."

तेवढ्यात एक शिक्षिका सगळ्यांना बोलवायला आली. लोक उठले, खुर्च्या सरकल्या. आई मला म्हणाली, चल. मी विचारलं, घरी जायचं का? ती म्हणाली, नाही, बसू.

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. प्रार्थना झाली, स्वागतगीत झालं, लेझीम झालं. अधिकारी शिस्तीवर बोलले, डॉक्टरबाई इंग्रजीतून बोलल्या, जैन गृहस्थांनी शाळेच्या मैदानासाठी काहीतरी देण्याचं जाहीर केलं आणि टाळ्या मिळवल्या. मग सरांचं नाव घेतलं गेलं. निवेदिका त्यांच्या कारकिर्दीबद्दल वाचत होती. त्यात ताईचं नाव आलं, त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेली खेळाडू म्हणून. नाना स्टेजवर उभे होते, हातात घडी केलेली शाल. सर काठी टेकत त्यांच्यासमोर आले. नानांनी शाल उघडली खरी, पण ती खांद्यावर घालायला त्यांचे हात वर जाईनात. शेवटी फादरांनी एक टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती घातली. फोटोग्राफर म्हणाला, इकडे बघा. नाना त्याच्याकडे बघत राहिले, सर खाली.

सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मला वाटलं, आता ते सगळ्यांसमोर सांगतील. त्यांनी माइक धरला, शाळेचे आभार मानले, फादरांचे आभार मानले, विद्यार्थ्यांनी खेळत राहावं म्हणाले आणि खाली आले. मला तेव्हा राग आला. आता वाटतं, जिला सांगायचं होतं तिला त्यांनी सांगितलं होतं.

शेवटी ढाल. त्या वर्षीची मुलगी नववीतली होती, लांब उडीची. नानांच्या पाया पडली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ढाल दिली. ताईचं पूर्ण नाव माइकवरून घेतलं गेलं. आईने माझा हात धरलेला होता, तिने तो जरा दाबला आणि मग सोडला.

निघताना मी फादरांना बाजूला घेऊन सांगितलं की बोर्डावर सराव लिहिलंय ते चूक आहे. काय झालं होतं तेही थोडक्यात सांगितलं.  म्हणाले, मला माहीत नव्हतं, आज हे असं व्हायला नको होतं. बोर्ड बदलू म्हणाले, आणि पुढे तो बदललाही. 

त्यानंतर काही दिवसांनी आईचा मला फोन आला. एरवी ती स्वतःहून फोन करत नाही. म्हणाली, सरांना बोलाव. मी विचारलं, कशाला. ती म्हणाली, तेवढं एकच सांगितलं त्यांनी, मला बठ्ठं ऐकायचं आहे, पहिल्यापासून सगळं.

सर होळीनंतरच्या रविवारी आले. भुसावळहून जळगाव, तिथून असोद्याची बस. सोबत कुणी नव्हतं. मी धुळ्याहून आदल्या दिवशीच आले होते. ओट्यावर खुर्च्या टाकल्या, चहा झाला. मग आई म्हणाली, सांगा.

त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं. मुली पहाटे आल्या, अंग मोकळं केलं, मग वाट बघत बसल्या. आता येतील, मग येतील, म्हणून सरांनी कुणाला मैदान सोडू दिलं नाही. शाळेला सुट्टी, वर्ग बंद, सावलीला एक निंब. ऊन डोक्यावर आल्यावर गाडी आली. ती माणसं घाईत होती, त्यांना पुढे दुसऱ्या ठिकाणी जायचं होतं. सर म्हणाले, संध्याकाळी घेऊ. ते म्हणाले, आत्ता घ्यायची तर घ्या, पुन्हा आम्ही येणार नाही. सरांना वाटलं, मुलीचं वर्ष जाईल. त्यांनी शिट्टी घेतली.

इथे नाना उठले. म्हणाले, जनावराला पाणी दाखवून येतो. जनावर आमच्याकडे आता नाही. ते फाटकातून बाहेर पडले आणि केळीच्या बाजूला चालत गेले.

सर थांबले. आई म्हणाली, "तुमी सांगा."

पहिल्यांदा तिने रेषेवर उभं राहण्याआधी पाणी मागितलं. दुसऱ्यांदा रेषेवरून, हाताने खूण करून. मग त्या पळाल्या. तिसऱ्या फेरीपर्यंत ती ठीक होती. शेवटच्या फेरीत तिचा पाय रेषेबाहेर पडायला लागला, ती डावीकडे-उजवीकडे जात होती. सरांना ते दिसलं. त्यांना वाटलं, दमली. ते ओरडले, सोडू नको. तिने ऐकलं असावं, कारण तिने वेग वाढवला.

"हे मी कुणालाच सांगितलेलं नाही," सर म्हणाले. "माझ्या बायकोलाही नाही."

आई जमिनीकडे बघत होती.  मग तिने विचारलं, दुसरी कोण आली? सर म्हणाले, जामनेरकडची एक मुलगी होती. मग तीच गेली का पुढे? हो, तीच गेली. आता कुठे असते? सरांना माहीत नव्हतं, लग्न झालं एवढं ऐकलं होतं.

आईने त्यांना जेवून जायला सांगितलं. ते नाही म्हणाले. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले.  बस आली तेव्हा त्यांना चढायला हात द्यावा लागला. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. नाना भुसावळला अंत्यविधीला जाऊन आले.

नाना अजूनही दर जानेवारीला शाळेत जातात. शेजारच्या खुर्चीवर आता दुसरं कुणी बसतं. आई पुन्हा गेली नाही. त्या रविवारचं पुढचं नानांनी विचारलं नाही. आईने एक-दोनदा काढलं, तर नाना म्हणाले, मला नको सांगू. एकदा तर त्यांनी बातम्यांचा आवाज इतका मोठा केला की शेजारी बघायला आले. एका घरात दोघं राहतात. एकीला त्या दिवसाचं सगळं माहीत आहे आणि एकाला त्यातलं काही कळून घ्यायचं नाही. नानांना मी दोष देत नाही.

त्यामुळे ते ऐकायला मीच उरते. सुट्टीत घरी गेले की दुपारी, नाना पडलेले असताना, आई मला जवळ बसवते आणि हळू आवाजात सांगते. पहाटेपासून, क्रमाने, सरांनी सांगितलं तसं. पण आता तिच्या सांगण्यात सरांनी न सांगितलेल्या गोष्टीही येतात. निंबाखाली ताईने दशमीचा तुकडा दुसऱ्या मुलीला दिला, वेणी घट्ट बांधली, बुटाची नाडी सुटली होती ती पुन्हा आवळली. आई हे असं सांगते जणू ती तिथेच उभी होती. मी तिला थांबवत नाही.